कोपरावरचा हात

१

राजाने आज्ञा उच्चारायची, पण त्याआधी शेजारी बसलेल्या राणीने त्याच्या कोपराला हात लावायचा, आणि तो हात लागल्याशिवाय आज्ञा पक्की मानायची नाही: हा प्रसंग ज्यांच्या मध्यभागी आहे अशा कथांचे मोजकेच पाठ माझ्या संग्रहात आहेत. काही दख्खनमधले, काही जर्मनीच्या नैऋत्येकडचे. या दोन प्रदेशांत कथेची देवाणघेवाण झाली असावी असे मानायला आधार नाही आणि तशी गरजही नाही. मध्ययुगात दोन्हीकडे राणी राज्यकारभारात भागीदार होती. जर्मन राजांच्या जुन्या सनदांत ‘राज्याची सहभागी असलेल्या आमच्या प्रिय पत्नीच्या विनंतीवरून’ अशी शब्दयोजना आढळते. आपल्याकडच्या ताम्रपटांत राणीच्या सांगण्यावरून दिलेली दाने आहेत. सनद वाचता न येणाऱ्या लोकांनी हीच गोष्ट हाताच्या रूपाने लक्षात ठेवली, एवढेच.

जर्मन पाठांचा सांगाडा एकच आहे. राजाला कायमची राजधानी नाही. राणीला बरोबर घेऊन तो एका राजगृहातून दुसऱ्यात फिरतो आणि जिथे मुक्काम तिथून राज्य करतो. एका प्रवासात राणी आजारी पडून मागे राहते. पुढच्या मुक्कामी राजा निवाड्याला बसतो. शेजारचे आसन रिकामे असते. निकाल देताना तो सवयीने थांबतो, आणि कोपराला हात लागतो. निकाल दिला जातो. त्यानंतर दूत येऊन सांगतो की राणी आदल्या दिवशीच गेली. राजा शोक करत नाही. ती इथेच आहे, एवढेच म्हणतो, आणि त्या राजगृहातून पुन्हा हलत नाही.

इथून पाठ वेगळे होतात. चर्चच्या आश्रयाने टिकलेला पाठ या प्रसंगाला निष्ठेचे उदाहरण मानतो. मुलांमध्ये त्याचा खेळ झाला आहे: एकाने डोळे मिटून बाकावर बसायचे, दुसऱ्याने कोपराला बोट लावायचे, आणि बसलेल्याने नाव ओळखायचे. दख्खनच्या पाठात राणी मरत नाही, माहेरी जाते. राजा तिच्या जागी सुपारी ठेवून कारभार चालवतो, आणि राणी परत येते तेव्हा तिची जागा रिकामी नसते. ज्या बाईने मला तो पाठ सांगितला ती याच वाक्यावर थांबली होती. कथा अर्धवट राहिली अशी टीप मी तेव्हा लिहिली.

पुढे जो पाठ देत आहे त्यात राजा नाही. ज्या घरात तो घडला त्या घरची बाई माझी मैत्रीण होती.

२

सरला आणि मी पुण्याच्या वसतिगृहात एका खोलीत राहत होतो. ती रसायनशास्त्राची, मी मराठीची. परीक्षेच्या दिवसांत ती माझ्याकडून ओव्या म्हणवून घ्यायची आणि मध्येच झोपी जायची. पुढे तिचे श्रीपादरावांशी लग्न झाले. ते मेकॅनिकल इंजिनिअर, मोटारींच्या कामासाठी जर्मनीत झिंडेलफिंगेनला गेलेले. तिथून थोड्या अंतरावर, द्राक्षमळ्यांच्या पायथ्याशी असलेल्या खेड्यात त्यांनी घर घेतले आणि तीसेक वर्षे तिथेच काढली. मुलगी उर्जा तिथेच वाढली. तीनेक वर्षांपूर्वी सरला गेली. मला जाता आले नाही.

गेल्या शरद ऋतूत जवळच्या विद्यापीठाच्या आमंत्रणावरून मी काही आठवडे तिकडे होते. पाहुण्यांच्या इमारतीत माझी सोय केलेली होती, पण निघण्याआधीच उर्जाचा फोन आला. ती तिथून काही तासांवरच्या गार्चिंगच्या एका संस्थेत संशोधन करते. वसंतात तिला मूल व्हायचे होते. तिच्याच इमारतीत, तळमजल्यावर, बाबांसाठी जागा मिळत होती. खेड्यातल्या घराला गिऱ्हाईक मिळाले होते, एक तरुण जोडपे. बाबा फोनवर आनंदाने हो म्हणत आणि नोटारकडे, म्हणजे घराचा दस्त करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, सहीचा दिवस ठरला की आदल्या दिवशी रद्द करत. घर घेणाऱ्यांनी आता शेवटची तारीख दिली होती आणि तळमजल्याची जागाही फार दिवस थांबणार नव्हती.

“मावशी, तू बाबांकडेच राहा,” ती म्हणाली. “नुसतं बघ. आणि मला सांग.”

घरात पाऊल ठेवताच सरलाचा संसार ओळखीचा वाटला. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यांवर चिकटपट्ट्यांवर लिहिलेली तिची अक्षरे होती: ‘पोहे जाड’, ‘पोहे पातळ’, ‘विचारल्याशिवाय उघडू नये’. शेवटच्या डब्यात चिरोटे असत असे श्रीपादरावांनी सांगितले आणि ते हसले. सकाळी खिडक्यांवरचे पडदे, ज्यांना तिकडे रोलाडेन म्हणतात, खडखडत वर जात. शनिवारी घरासमोरचा रस्ता झाडायचा. सरला असताना ती दारात उभी राहून कुठे कचरा राहिला ते दाखवायची, आणि शेजारच्या स्वाबियन, म्हणजे मूळच्या त्याच भागातल्या, म्हाताऱ्या तिच्यावर खूश असत.

पहिल्या दिवशी जेवणात त्यांनी स्वतः केलेली आमटी होती. पहिला घास घेतला आणि मी थांबले. सरलाला गुळाशिवाय आमटी खाली उतरत नसे. वसतिगृहात ती गुळाचा खडा कागदात बांधून मेसमध्ये न्यायची.

“गूळ संपलाय का?” मी विचारले.

“आहे ना. विचारलं तिला. नको म्हणाली.”

बाहेर वारा सुटलाय, हे सांगावे तितक्या सहजपणे ते बोलले. मी आमटी संपवली. मात्र तेव्हापासून एक गोष्ट दिसू लागली आणि ती दिसायची थांबेना. कुठलेही लहानसे काम ठरवायचे झाले की श्रीपादराव क्षणभर थांबत. उजवे कोपर अंगापासून किंचित दूर धरत. मग काम करत, किंवा करत नसत. जेवणाच्या टेबलावर त्यांच्या उजव्या हाताची खुर्ची नेहमी थोडी ओढलेली असे. मी चुकून तिच्यावर बसायला गेले तेव्हा ते हळूच म्हणाले, “तिथे नको, निशाताई.”

दीर्घ सहजीवनानंतर मागे राहिलेल्या माणसाचे शरीर सवयी सोडत नाही, हे सर्वज्ञात आहे. मी ते स्पष्टीकरण स्वीकारले. आमटीला मात्र ते लागू पडत नव्हते. आठवणीतल्या सरलाला विचारले असते तर ती गूळ घाल म्हणाली असती.

३

त्या सवयीचा उगम मला ठाऊक होता, कारण मी तिथे हजर होते.

लग्नानंतरच्या सत्यनारायणाला गुरुजींनी नव्या जोडप्याला पाटांवर बसवले, सरलाला नवऱ्याच्या उजव्या हाताला. श्रीपादरावांनी पळीभर पाणी सोडायचे तेव्हा गुरुजी तिला म्हणाले, “तुम्ही हाताला हात लावा.” तिने का म्हणून विचारले. तुमचा हात लागला नाही तर यांनी केलेलं पोचत नाही, असे गुरुजींनी सांगितले. सरलाने दोन बोटे नवऱ्याच्या कोपराला लावली आणि माझ्याकडे वळून डोळे मिचकावले. आयुष्यभर पुरेल असा विनोद तिला सापडला होता.

तिकडे गेल्यावर त्या विनोदाचे घरातले शासन झाले. भाड्याच्या पहिल्या घराचा करार, पहिली गाडी, उर्जाच्या शाळेची निवड, दर वेळी श्रीपादराव पेन उचलत आणि सरला कोपराला दोन बोटे लावी. “सही तुमची, मंजुरी माझी,” असे ती म्हणे. ती फक्त गंमत नव्हती. आधी दोघे वाद घालत, कधी दोन-दोन दिवस अबोला धरत, पण बोटे लागली की विषय संपे. घर विकत घेताना नोटारने सगळा दस्त मोठ्याने वाचला, तशी तिकडची रीतच आहे, आणि सहीच्या वेळी बाईंचा हात कोपरावर पाहून तो थबकला. श्रीपादरावांनी समजावले. इतकी स्पष्ट संमती आपण या खोलीत कधी पाहिली नाही, असे तो म्हणाल्याचे सरलाने मला पत्रात कळवले होते. ते वाचून मी बराच वेळ हसत होते.

सरला गेल्यावर काही महिन्यांनी उर्जाचे लग्न झाले. कन्यादानाला काका-काकूंना बसवावे असे सगळ्यांचे मत पडले. श्रीपादरावांनी ऐकले नाही. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर पौरोहित्य करणाऱ्या गुरुजींनी तोडगा सांगितला: पत्नीच्या जागी सुपारी कमरेला खोचून बसा. आपल्याकडे ही सोय आहे. कार्य आटोपल्यावर अक्षता वाहून सुपारीचे विसर्जन करायचे असते. नेमक्या त्याच वेळी गुरुजींचा कॉल तुटला, वाढप सुरू झाले, आणि सुपारी कमरेलाच राहिली.

हे सगळे श्रीपादरावांनीच मला सांगितले, दुपारी चहा घेताना. त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर त्यांना एका गिफ्टच्या पावतीवर सही करायची होती. ते सवयीने थांबले. आणि बोटे लागली.

“घाबरलात?” मी विचारले.

“घाबरायचं काय त्यात? रडलो.” त्यांनी कपातला चहा हलवला. “तुम्हाला सांगतो, दोन वर्षं या घरात मी एकटा नव्हतो. एवढं तरी होतं.”

४

जर्मन पाठातल्या राजाराणीचे जे शिल्प पाहायला मी आले होते ते तिथून जवळच्या एका गावातल्या चर्चमध्ये आहे. गावाचे नाव देत नाही; तिथल्या लोकांना पाहुण्यांची वर्दळ नको आहे. श्रीपादराव मला गाडीने घेऊन गेले. चर्चच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या फ्राऊ हेगेले सत्तरीच्या होत्या आणि माझ्या जर्मन व्याकरणाकडे त्यांनी प्रेमळपणे दुर्लक्ष केले.

एकाच बाकावर बसलेले राजा आणि राणी, असे ते दगडी शिल्प होते. कुठल्याशा युद्धात राणीची मूर्ती फोडली गेली. आता राजा पूर्ण आहे, राणीच्या जागी खडबडीत दगड आहे, आणि राजाच्या कोपरावर तिचा मनगटापासून तुटलेला हात तेवढा उरला आहे. खिडकीतून येणारे ऊन त्या बाजूला पोचत नव्हते. आतमध्ये भिजलेल्या दगडाचा आणि मेणाचा वास होता.

फ्राऊ हेगेलेंनी आधी चर्चचा पाठ सांगितला. मग आजीकडून ऐकलेला काही आहे का असे विचारल्यावर त्यांनी दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. त्या पाठात राजा पुढे बरीच वर्षे राज्य करतो. हात लागत राहतो. सुरुवातीला राणीला जे रुचले असते तेच मंजूर होते. मग एकदा, राणीने स्वतः बांधलेली विहीर बुजवायचा प्रस्ताव येतो आणि हात लागतो. मग तिच्या माहेरच्या माणसांना दरबारातून घालवायचे ठरते आणि हात लागतो. लोक राजाकडे येणे बंद करतात. राजा मात्र समाधानी असतो, कारण त्याला सोबत असते.

मी टिपण करत होते. श्रीपादरावांनी जर्मनमध्ये विचारले, “हे राजाच्या लक्षात आलं नाही का?”

“आलं असणार,” फ्राऊ हेगेले म्हणाल्या. “पण मग त्याला हेही म्हणावं लागलं असतं, की ती नाही.”

परतल्यावर घराच्या मागे अंगणात गाडी लावून श्रीपादरावांनी इंजिन बंद केले आणि तसेच बसून राहिले. समोर कापलेल्या झाडाचा बुंधा होता. ते आलुबुखाराचे झाड उर्जा जन्मली तेव्हा सरलाने लावले होते, हे मला माहीत होते. दर ऑगस्टला त्याच्या मुरांब्याची बाटली माझ्याकडे यायची.

“वसंतात शेजाऱ्यानं विचारलं, सावली पडते, तोडता का,” श्रीपादराव म्हणाले. “मी म्हटलं, बघतो. मला वाटलं होतं, ती सरळ नाही म्हणेल. थांबलो. लगेच हात लागला, निशाताई. मी नीट विचारही केला नव्हता.”

सुपारीचे काय केलेत, असे मी विचारले. माझ्या मनात सरळ उपाय होता: अक्षता वाहायच्या, विसर्जन करायचे, आणि जे काही असेल ते, सवय असो वा मनाचा खेळ, रीतसर मिटवायचे.

“ती मी त्याच महिन्यात सोडली. नेकार नदीत,” ते म्हणाले. “मंत्र म्हणून. मी काय इतका अडाणी आहे का?”

५

उर्जा शनिवारी आली. ती जरा दमलेली दिसत होती. बाबा रस्ता झाडत होते. तिने त्यांच्या हातातला झाडू घेतला, त्यांनी तो परत घेतला, आणि दोघांमध्ये बराच वेळ प्रेमाची ओढाताण चालली. ‘आल्झो, बाबा’ अशी तिची वाक्यांची सुरुवात आणि त्यावर ‘मराठीत’ असा त्यांचा शेरा, हे जुनेच होते.

दुपारी तिने मला स्वयंपाकघरात गाठले. गणपतीला ती येणार होती तेव्हा बाबांनी येऊ नकोस म्हणून कळवले होते. कारण विचारल्यावर आईला नको आहे असे उत्तर मिळाले. बाळाची बातमी सांगायला फोन केला तेव्हा ते आनंदाने रडले, आणि पुढच्या आठवड्यात बोलणेच टाळू लागले.

“आई असं कधी म्हणाली असती?” तिने विचारले. “गेनाऊ, नेमकं हेच मला कळत नाही. मी रागावू कोणावर?”

मी तिला माझे स्पष्टीकरण दिले: शोकाला शरीर मिळते, शरीराला सवय, आणि सवयीला कधीकधी माणसाच्या मनातली भीती वापरून घेते. ते घर सोडायची त्यांना भीती वाटत असावी आणि ती भीती आईच्या नावाने बोलत असावी. उर्जाने शांतपणे ऐकून घेतले. तिला ते पटावे असे मलाही फार वाटत होते.

संध्याकाळी आम्ही तिघे टेबलाशी बसलो. तिने जुने फोटो काढले होते. सरला कमरेला पदर खोचून बर्फ उपसते आहे. सरला नव्या घराच्या पायरीवर, हातात किल्ली, श्रीपादरावांच्या कोपराला दोन बोटे. त्या फोटोवर तिघेही हसलो. मग उर्जा सरळ बोलली. मंगळवारी नोटारकडे टेर्मीन, म्हणजे ठरलेली वेळ, आहे, हे शेवटचे. तळमजल्याची जागा या आठवड्यानंतर राहणार नाही. बाळाला आजी नाही, निदान आजोबा हवेत.

श्रीपादरावांनी काही उत्तर देण्याआधी उजवे कोपर टेबलावर थोडे पुढे सरकवले. मी बघायचे नाही असे ठरवले होते, तरी बघितले. त्यांनी जाडसर लोकरी स्वेटर घातला होता. कोपराच्या वरची लोकर एका जागी खाली बसली, उठली, आणि पुन्हा बसली. आवाज झाला असेल तर तो लोकरीवरून बोट फिरावे इतकाच.

“येतो,” ते म्हणाले. उर्जाने त्यांना मिठी मारली. त्यांचा चेहरा मला तिच्या खांद्यावरून दिसत होता. त्यांना मंजुरी मिळाली होती आणि तरी ते सुखावलेले नव्हते.

पडद्याची सावली, दिव्याचा कोन, जुनी सैल लोकर, हे सगळे मी रविवारी त्याच खुर्चीवर, त्याच दिव्याखाली तपासले. स्वेटर मी मागून घेतला होता. लोकर सैल नव्हती.

६

नोटारचे कार्यालय तालुक्याच्या गावात, बेकरीच्या वरच्या मजल्यावर होते. पावाचा ताजा वास जिन्यातून आतपर्यंत येत होता. लंबगोल टेबलाच्या एका बाजूला घर घेणारे जोडपे बसले होते. दोघे एकमेकांचा हात धरून होते आणि अधूनमधून त्याची लाज वाटून सोडत होते. समोर श्रीपादराव, त्यांच्या डाव्या हाताला उर्जा. मी भिंतीकडेच्या खुर्चीवर. बसताना श्रीपादरावांनी उजवीकडची रिकामी खुर्ची थोडी ओढून ठेवली. नोटारला वाटले, अजून कोणी यायचे आहे. तो क्षणभर थांबला आणि मग वाचू लागला.

जर्मन नोटारचे वाचन ऐकणाऱ्यासाठी नसते. सगळे शब्द उच्चारले गेले पाहिजेत, एवढाच त्याचा हेतू असतो. जमिनीच्या हद्दी, नळाची जोडणी, तळघर, ग्रुंडबुखमधली, म्हणजे मालकीच्या सरकारी दप्तरातली, नोंद, सगळे एकाच सुरात येत होते. ग्रुंडबुखमधल्या नोंदीत सरलाचे नाव आले. त्याने ते बरोबर उच्चारायचा खूप प्रयत्न केला. श्रीपादरावांनी मान खाली घातली. त्या यांत्रिक आवाजात तिचे नाव ऐकताना मलाही तिचा वसतिगृहातला जिना चढून येण्याचा आवाज आठवला.

वाचन संपले. नोटारने दस्त फिरवून पुढे केला. श्रीपादरावांनी पेन घेतले, उजवा हात कागदावर आणला आणि थांबले.

आम्ही सगळे थांबलो. तरुण जोडप्याने एकमेकांकडे पाहिले. सहीची जागा आणि पेनाचे टोक यांत एक बोट अंतर होते आणि ते कमी होत नव्हते. श्रीपादरावांनी दंडाला जोर दिल्याचे मला मानेवरून कळले. हात तसूभर हलला नाही. हात लावणे आणि हात धरणे यांत फरक असतो. आजवर त्यांना फक्त पहिले ठाऊक होते.

“सही करू देत नाही,” ते मराठीत म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, आश्चर्य होते. “शनिवारी हो म्हणाली होती.”

उर्जा उठली. मागून वळसा घालून ती त्यांच्या उजव्या बाजूला गेली. खुर्चीवर ती बसली नाही. का, ते मी तिला कधी विचारले नाही. खुर्चीच्या पाठीवरून ओणवी होऊन तिने हात पुढे केला.

“मी लावते, बाबा. आईच्या वतीनं मी लावते.”

तिने बोटे कोपरावर ठेवली. मग तिचा श्वास ऐकू आला, तोंडाने घेतलेला. तिने हात मागे घेतला नाही. पोटावर धरलेला दुसरा हात तिने अधिक घट्ट आवळला. खोलीत बेकरीच्या यंत्राची घरघर तेवढी होती.

“बाबा,” ती म्हणाली, “इथं आधीच एक हात आहे.”

“सरलाचा आहे तो.”

“नाही. आईची बोटं मला ठाऊक आहेत.”

श्रीपादरावांनी कोपराकडे पाहिले नाही. त्यांनी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि बराच वेळ पाहिले. त्यांच्या मनात काय चालले होते ते मी सांगू शकत नाही. जे दिसले तेवढे नोंदवते. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी डावा हात उचलला, उजव्या मुठीतले पेन एकेक बोट सोडवून काढून घेतले आणि नोटारला जर्मनमध्ये विचारले की डाव्या हाताने केलेली सही चालेल का. स्वतःची असेल तर चालेल, तो म्हणाला. त्याने घड्याळाकडे पाहिले नाही, हे मी त्याच्या सभ्यतेच्या खाती मांडते.

सही शाळेतल्या मुलासारखी वाकडी आली. अक्षरे एकमेकांवर चढली होती, पण नाव वाचता येत होते. उर्जाने त्यांच्या कोपरावरून हात काढला. तिने हात काढल्यावर बाहीचे कापड वर यायला हवे होते.

ते वर आले नाही.

त्या बाजूला खिडकी होती, दिवस लख्ख होता, आणि मी अगदी समोर होते. मी नजर वळवली. ऐन क्षणी नजर वळवणारा निवेदक मला कथांमध्ये नेहमी कच्चा वाटत आला आहे. पुन्हा पाहिले तेव्हा घर घेणारे जोडपे सह्या करत होते आणि श्रीपादरावांचा उजवा हात टेबलावर पडलेला होता. निघताना तो त्यांना उचलता येईना. उर्जाने आणि मी मिळून तो उचलला आणि कोटाच्या खिशात ठेवला. तो थंड नव्हता. फक्त दोघींना उचलायला लागावा इतका जड होता.

७

डॉक्टरांना काही सापडले नाही. थोड्या दिवसांनी हात हलू लागला, पण श्रीपादराव त्या हाताने लिहीत नाहीत. घर रिकामे करायच्या दिवसांत मी तिथेच होते. स्टीलचे डबे आम्ही वर्तमानपत्रात गुंडाळले. चिकटपट्ट्या काढायच्या का असे उर्जाने विचारले, तेव्हा श्रीपादरावांनी एक क्षणही न थांबता नको म्हटले. त्या संध्याकाळी त्यांनी आमटीत गूळ घातला. फार झाला होता. तिघांनीही दोनदा वाढून घेतली.

शेवटच्या सकाळी धुके होते. सामानाचा ट्रक पुढे गेला होता. रिकाम्या घरात खोल्या मोठ्या वाटत होत्या आणि पावलांचा आवाज एका खोलीतून दुसऱ्या खोलीत उशिराने पोचत होता. श्रीपादराव एकेका दारात उभे राहून आत पाहून आले. सरलाशी ते काही बोलले का, मला माहीत नाही; मी अंगणात थांबले होते. बाहेर आल्यावर त्यांनी एवढेच सांगितले की दोन वर्षे ते दुसऱ्याच कोणाला तरी विचारत होते आणि तिला विचारायचे राहूनच गेले.

तरुण जोडपे फाटकाशी उभे होते. श्रीपादरावांनी डाव्या हाताने दार ओढून घेतले आणि किल्ली नव्या घरधनिणीच्या हातात दिली. तिने चहाला पुन्हा या म्हटले. ते हो म्हणाले. मग ते गाडी चालवणाऱ्या उर्जाच्या उजव्या बाजूला बसले, उजवे कोपर दाराला घट्ट टेकवून, आणि गाडी निघाली.